अर्धा लिटर पाणी, एक तास

आबांना मी चेन्नईला आणलं ते प्रेमापोटी नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी गहिवरायला नको. माझ्या कंपनीच्या विम्यात आईवडील बसत होते, आणि तो विमा चालत होता अशा एका हॉस्पिटलात रेडिएशनचं नवं मशीन आलं होतं. एवढंच कारण. आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, ओटीपोटातल्या बाजूच्या गाठींवरही संशय होता, साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले शेक द्यावा लागेल, साडेसात आठवडे, रविवार सोडून जवळजवळ रोज. आईचे गुडघे गेलेले. थोरली बहीण फोनवर म्हणाली, "तूच ने बाबा आता, तुझ्याकडं सगळी सोय हाय."

सोय! चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागातल्या एका मॅन्शनमध्ये माझी खोली होती. मॅन्शन हे नाव कुणी दिलं त्याला एकदा भेटायचंय मला. चार मजल्यांची, सडाफटिंग पोरांनी गच्च भरलेली लॉज, एका मजल्यावर अठरा खोल्या आणि पॅसेजच्या टोकाला तीन संडास. बोअरचं पाणी इतकं मचूळ की चूळ भरली तरी तोंड वाकडं व्हायचं. माझ्या खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि खिडकीतून समोरच्या मेसचा कढीपत्त्याचा वास. आबा आत आले, पिशवी खाली ठेवली, चारी भिंतींकडे बघितलं आणि म्हणाले, "इंजिनेर झालास व्हय रं तू?"

पहिलंच वाक्य. दीड दिवसाचा रेल्वेप्रवास करून आलेला माणूस.

ते २००९ साल होतं. सिरुसेरीच्या आमच्या आयटी कॅम्पसवर मंदीची कुऱ्हाड चालू होती. सकाळी शेजारी बसून फिल्टर कॉफी प्यालेला माणूस दुपारी खोक्यात आपला मग आणि देवाचा फोटो भरून गेटबाहेर जाताना दिसायचा. माझं प्रोजेक्ट संपत आलेलं. मॅनेजर परदेशात बसून वेळीअवेळी फोन करायचा आणि मी तो दुसऱ्या रिंगच्या आत उचलायचो, मग मी कुठेही असो. अशात हा रोजचा हॉस्पिटलचा फेरा गळ्यात पडला. मी रोज तासभर उशिरा जायचो, रोज माफी मागायचो, आणि तो सगळा राग दिवसभर साठवून रात्री खोलीवर आणायचो.

आबा एस.टी.चे ड्रायव्हर. एकतीस वर्षं घाटातल्या गाड्या चालवल्या. घरी पाहुणा आला की त्यांचं एक पालुपद ठरलेलं असायचं. "एकतीस वर्सांत माज्या सोताच्या कामासाठी दोन स्टँडांच्या मधी गाडी थांबवली न्हाई." काम म्हणजे लघवी. ड्रायव्हर लोक गाडीवर जायच्या आधी पाणीच पीत नसत, चहासुद्धा अर्धा टाकून देत. बाकीचे ड्रायव्हर कुठंतरी झाडाखाली गाडी बाजूला घ्यायचे, त्यांना आबा हसायचे. "त्ये कसले डायव्हर, त्यास्नी बैलगाडी द्या," म्हणायचे. पाहुणा मान डोलवायचा. आई स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

मी आठ वर्षांचा होतो तेव्हा मामाच्या लग्नाला पुण्याला निघालो होतो. आबांचीच गाडी, मी त्यांच्या मागच्या सीटवर खिडकीला. आई पुढच्या गाडीने येणार होती. घाट लागला आणि मला जोराची लागली. मी कंडक्टर काकांना सांगितलं. त्यांनी पुढे वाकून आबांना सांगितलं. आबा आरशातून माझ्याकडे बघून म्हणाले, "स्टँड यिऊ दे." मी पाय आवळून बसलो. दोन वळणं गेली, मी परत सांगितलं, या वेळी रडत. "स्टँड यिऊ दे म्हटलं न्हवं?" तिसऱ्या वळणावर माझी लग्नाची नवी चड्डी भिजली. गाडी उताराला लागलेली, सगळा ओघळ सीटखालून पुढे गेला. एका बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि नाकाला पदर लावला. स्टँडवर गाडी लागल्यावर आबांनी काच पुसायचं फडकं माझ्या अंगावर फेकलं. "पूस."

पुसलं मी. माणसं माझ्यावरून ओलांडून उतरत होती. ते मी आजवर विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही.

तर अशा माणसाला रेडिएशनसाठी पहिला नियम काय सांगावा? मूत्राशय रिकामं करा, मग अर्धा लिटर पाणी प्या, मग तासभर थांबा, जाऊ नका. त्याला कारण होतं. मूत्राशय ठरावीक भरलेलं असलं की ते आतड्यांना वर ढकलतं आणि आतडी किरणांच्या वाटेतून बाजूला होतात, मूत्राशयाचाही बराचसा भाग सुटतो. पहिल्या दिवशी सी.टी. काढतात, त्यावरून किरण कुठून किती सोडायचे तो सगळा प्लॅन आखतात, आणि मग पुढे साडेसात आठवडे रोज पोट त्या पहिल्या दिवसासारखंच असावं अशी अपेक्षा. हे सगळं इंग्रजीत आणि तमिळमध्ये छापलेला एक कागद मला दिला होता. मी तो बसस्टॉपवर उभ्याउभ्या वाचला. आबांना मराठीत सांगितलं ते एवढंच, "तिथं पाणी देतील, ते प्यायचं आणि लघवीला जायचं नाही."

रिकामं करून मग प्या, हे सांगायचं मी विसरलो. विसरलो म्हणण्यापेक्षा, तेवढं लांब बोलायचा मला कंटाळा होता. आम्ही एकमेकांशी लांब बोलत नसू.

आबा म्हणाले, "त्यात काय शिकवायचं हाय मला?"

त्या दिवशी ते पहाटे साडेचारला, पोरं उठायच्या आत, पॅसेजच्या टोकाला जाऊन आले होते. नंतर नाही. सहाला आम्ही निघालो. हॉस्पिटलात फॉर्म, सह्या, रांग, विम्याचा काउंटर, परत रांग. दहा वाजता कुणीतरी पाण्याची बाटली आणून दिली. आबांनी घटाघट रिकामी केली आणि वर माझीही मागून घेतली. अकराच्या पुढे कधीतरी नंबर लागला. त्यांना टेबलावर झोपवलं, आणि मी दाराशी उभा असताना मॅनेजरचा फोन आला.

मशीनवरचा टेक्निशियन म्हणजे माझ्याच वयाचा, बारीक अंगाचा, कपाळावर विभूतीच्या रेघा असलेला माणूस. तो आतून बाहेर आला. त्याने आबांकडे बघितलं, आपल्या ओटीपोटाकडे बोट केलं आणि मला इंग्रजीत विचारलं, खूप भरलेलं दिसतंय, पाणी प्यायच्या आधी हे जाऊन आले होते ना, जरा विचारा त्यांना. फोनवर मॅनेजर विचारत होता की मी नक्की कुठे आहे. मी फोनवर हात ठेवला आणि टेक्निशियनला म्हणालो, "येस, येस. ऑल ओके."

विचारलं नाही. आबा टेबलावरून मान वळवून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, नेहमीसारखे डोळे वटारतायत. मी पाठ फिरवून फोनवर बोलत राहिलो.

टेक्निशियनने सी.टी. उरकला. ओटीपोटावर आणि दोन्ही बाजूंना बारीक ठिपके गोंदले. निघताना कौतुकाने म्हणाला, "अप्पांची कपॅसिटी चांगली आहे." हे मात्र मी आबांना भाषांतर करून सांगितलं, तेही चिडवायला. आबा इतके खूश झाले की रिक्षात त्यांनी मला उसाचा रस पाजायची गोष्ट काढली.

मग रोजचं सुरू झालं. या मशीनचं वैशिष्ट्य असं की किरण सोडायच्या आधी रोज पोटाचा आतला फोटो निघायचा आणि पहिल्या दिवसाशी ताडून बघायचे. शेक सुरू झाला त्या दिवसापासूनच तो जुळेना. आता नर्स हाताने खुणावून आधी संडासाकडे पाठवायची म्हणून आबा कागदाप्रमाणे वागत होते, आधी जात होते, मग अर्धा लिटर, मग तास. म्हणजे साध्या माणसासारखं भरत होतं. पण प्लॅन आखलेला होता सात तास तुंबवलेल्या माणसाचा! टेक्निशियन रोज बाहेर येऊन सांगायचा, "अप्पा, इन्नुम तण्णी," आणखी पाणी. आबा आणखी प्यायचे. आणखी अर्धा तास. माझं घड्याळ पुढे सरकायचं. कधी जेमतेम जवळपास यायचं, कधी अजिबात यायचं नाही, तरी दिवस फुकट घालवता येत नसे म्हणून प्रोस्टेट नीट जुळवून किरण द्यायचे. खाली उतरलेल्या आतड्यांनाही ते बसायचे.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी लघवीला आग सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात जुलाब. ज्या माणसाने एकतीस वर्षं कधी गाडी थांबवली नाही तो दर पंधरा मिनिटांनी पॅसेजच्या टोकाला पळू लागला. मे महिना, कत्तिरीचं म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्याचं ऊन, अठरा खोल्यांतल्या पोरांची कंपनीची बस गाठायची घाई, आणि तीन संडासांपैकी एकात हा म्हातारा. पोरं दार ठोठावायची, "सार, सीक्रम," म्हणजे लवकर करा. आबांना तमिळ येत नव्हतं पण दार ठोठावणं कळायचं. एकदा ते अर्ध्यातून बाहेर आले, नाडी हातात धरलेली, आणि त्या पोराकडे असं बघितलं की पोरगं मागे सरकलं. खोलीवर येऊन त्यांनी राग माझ्यावर काढला.

"कुठल्या नरकात आनून टाकलंस रं मला?"

"मग जा परत. मी हौसेनं आणलंय का?"

"तुज्या हौशीचं तू सांगूच नगंस. बापाची तुला लाज वाटती, म्हाईतंय मला."

"वाटते. बोला पुढं."

ते खाटेवर गेले. भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्यांना कॅन्सरची भीती नव्हती, हे मला त्या दिवसांत कळलं. त्यांना भीती होती ती लंगोटाची. आमच्या तालुक्याच्या डेपोबाहेर पिंपळाचा पार आहे, निवृत्त ड्रायव्हर-कंडक्टर रोज संध्याकाळी तिथे बसतात. पलीकडच्या आळीचा एक जण ऑपरेशननंतर मोठ्या माणसांचे डायपर लावून यायचा, बाकीचे त्याच्यापासून वारा बघून बसायचे. आबाही बसायचे. एका दुपारी त्यांनी मला बजावलं, "मराय लागलो तर मरू दे. पर मला फडकं बांधून डेपोत उतरवायचं न्हाई. आपल्या पायानं, कोरडा उतरनार मी." आणि इकडे हॉस्पिटलातल्या डॉक्टर म्हणत होत्या, त्रास असाच वाढला तर मध्येच थांबावं लागेल, आणि मध्येच थांबणं या कॅन्सरला परवडणारं नाही. म्हणजे एक तर शेक अर्धवट, नाहीतर आयुष्यभराचं फडकं. यातलं दुसरं मी आबांना सांगितलं. पहिलं सांगितलं नाही, कारण ते म्हणाले असते थांबवा.

तिसऱ्या आठवड्यातच कधीतरी, हॉस्पिटलातून परत येताना आम्ही रिक्षात होतो. मॅनेजरचे तीन मिस्ड कॉल, रस्ता तुंबलेला, रिक्षावाल्याशी भांडून मी आधीच तापलेलो. आबा म्हणाले, "थांबव."

मी ऐकलं. समोर पेट्रोल पंप दिसत होता. तिथे सोय असणार हेही मला ठाऊक होतं. "निरुत्तुंगा," एक शब्द म्हणायचा होता रिक्षावाल्याला.

मी म्हणालो, "रूम येऊ दे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आरशातून नाही, सरळ. मग समोर बघून दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला. पुढच्या सिग्नलला मला वास आला. मी मुद्दाम केलं का? हो, मुद्दाम केलं. बावीस वर्षांनी संधी आली होती आणि ती मी घेतली. आणि कसला आनंदबिनंद काही झाला नाही. मॅन्शनसमोर रिक्षा थांबली तेव्हा आबांनी खांद्यावरचा पंचा काढला, रिक्षावाला सुट्टे शोधत होता तेवढ्यात सीट पुसली, खाली पत्र्यावरही पुसलं, पंच्याची घडी घातली आणि उतरले. मला पुसायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं. पन्नाशीच्या, सुती साडी नेसलेल्या, न हसणाऱ्या बाई. टेक्निशियन शेजारी उभा. त्यांनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी लावली. पहिल्या दिवशीचं मूत्राशय चांगलं नारळाएवढं. त्या सकाळचं लिंबाएवढंही नव्हतं, आणि त्याच्यावर आतड्यांची वेटोळी येऊन बसलेली. मी कम्प्युटरवाला असूनही मला ते चित्र बघवेना.

डॉक्टर म्हणाल्या, माणसाला पहिल्या दिवसाच्या चित्रात रोज कोंबून बसवण्यात अर्थ नाही, शरीर बदललंय, प्लॅन बदलायचा. दोन-तीन दिवस नव्याने सी.टी. काढू, यांना खरोखर जेवढं धरता येतं तेवढ्यावरच नवीन आखणी करू, आणि पुढेही रोजचा फोटो बघून गरज पडली तर परत बदलू. तेव्हा हे असं मध्येच प्लॅन बदलणं सरसकट होत नसे, बरंच काम वाढायचं. मला वाटलं, चला, सुटलो. पण बाईंनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, पहिल्या दिवशी असं झालंच कसं? नोंदीत लिहिलंय की प्यायच्या आधी रिकामं केलं होतं. खोटं कुणी सांगितलं? त्यांना विचारा.

टेक्निशियन माझ्याकडे बघत होता. त्याला आठवत होतं. त्याची नोकरी पणाला लागली असती तर त्याने सांगितलंही असतं, पण तो गप्प उभा होता, मला वेळ देत होता. माझे कान तापले. मी आबांकडे वळलो आणि पुटपुटलो, "विचारतायत, त्या दिवशी पाणी प्यायच्या आधी तुम्ही गेला होता का, आणि नव्हता तर सांगितलं का नाही."

आबांनी बाईंकडे बघितलं. मग टेक्निशियनकडे. माझ्याकडे बघितलंच नाही.

"सांग त्यास्नी, चूक माजी. न जाता पानी पिलो. म्याच खोटं सांगितलं."

मी टेबलावरच्या पेनकडे बघत राहिलो.

"सांग की. गाडीत कायबी झालं तरी चूक डायव्हरचीच असती."

मी भाषांतर केलं. शब्द न् शब्द केलं. सबंध महिन्यात मी आबांचं एवढं अचूक भाषांतर कधी केलं नव्हतं.

डॉक्टर त्यांना पाच मिनिटं बोलल्या. अशा खोट्यामुळे स्वतःचं किती नुकसान केलंत, आमच्या लोकांचा किती वेळ गेला, म्हातारी माणसं हट्टी असतात ते ठीक, पण इथे हट्ट चालत नाही. ते सगळं मी मराठीत आबांना सांगत गेलो. ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, डेपो मॅनेजरसमोर बसावं तसे बसून ऐकत होते. टेक्निशियन खाली फरशीकडे बघत होता. मी थांबलो नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगतो. नवीन प्लॅन आठवड्याभरात लागू झाला. पंधरा दिवसांनी जुलाब आटोक्यात आले, मग आग कमी झाली. शेक कुठे थांबला नाही, साडेसातचे आठ आठवडे झाले पण पुरा झाला. आबा डेपोत आपल्या पायाने, कोरडे उतरले. बहीण सांगत होती, पायरीवर क्षणभर थांबून त्यांनी पाराकडे बघून हात वर केला म्हणे. त्यानंतर सहा वर्षं जगले आणि गेले ते कॅन्सरने नाही. पण पहिल्या तीन आठवड्यांत जे झालं ते काही पुरतं भरून आलं नाही. दर तासाला उठावं लागायचं. पारावर ते कडेला, मुतारीकडच्या बाजूला बसू लागले. पाहुण्यांसमोरचं ते पालुपदही बंद झालं. माझी नोकरी टिकली. ते पहिले तीन आठवडे कुणामुळे वाया गेले हे मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही.

नवीन सी.टी.ची ती पहिली सकाळ. या वेळी मी फोन बंद करून खिशात ठेवला होता. कागद सबंध वाचून, एकेक ओळ आबांना मराठीत सांगितली होती, आणि त्यांनी "बरं" एवढंच म्हटलं होतं. ते जाऊन आले, अर्धा लिटर प्याले, आम्ही बाकावर बसलो. शेजारी एक बाई मण्यांची माळ ओढत होत्या. आबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. आत बोलावलं, टेबलावर घेतलं. मी दाराशी त्याच जागी उभा राहिलो.

तोच टेक्निशियन बाहेर आला. त्याने आबांकडे बघितलं, आपल्या ओटीपोटाकडे बोट केलं आणि मला तोच प्रश्न विचारला. या वेळी जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून. ते माझ्यासाठी होतं, हे मला कळलं.

मी आबांकडे बघून विचारलं, "आबा, आधी गेला होता ना? किती वेळ झाला?"

"गेलतो. पाऊन तास झाला आसंल."

मी टेक्निशियनकडे वळणार, तेवढ्यात आबा आढ्याकडे बघत म्हणाले, "त्या दिशीबी त्यानं ह्येच इचारलं हुतं. आसंच बोट दावून."

मी परत आबांकडे वळलो. दाराची चौकट धरली.

"कळलं होतं तुम्हाला?"

"भाषा येत न्हाई. बोट कळतंय."

"मग तेव्हाच का नाही बोललात? नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं!"

आबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, आणि तेच मला सोसेना.

"तू इचारशील म्हनून थांबलो हुतो."

टेक्निशियन वाट बघत होता. त्याने विचारलं, "अप्पा एन्न सोल्रार?" काय म्हणतायत अप्पा?

मी म्हणालो, "फॉर्टी-फाइव्ह मिनिट्स."